घोड्याजवळची जागा

घोड्याच्या मागच्या पायाचा स्क्रू ढिला झाला होता. ती जमिनीवर बसून पान्यानं तो आवळत होती, आणि तिची मैत्रीण, जिला सगळं कॉलेज लांबडी म्हणायचं, वरून घोडा दाबून धरत होती. घोडा लाकडाचा, वरून चामडं ठोकलेला. अलीकडे स्प्रिंगबोर्ड, पलीकडे निळ्या गाद्या. धावत यायचं, त्याच्या पाठीवर हात टेकायचे, गुडघे पोटाशी घ्यायचे आणि दोन्ही हातांच्या मधून पलीकडे उतरायचं. खेळाचा शिक्षक व्हायला या कॉलेजात आलेल्या प्रत्येकाला ही उडी यावीच लागते. आणि उडीपेक्षाही, पलीकडे उभं राहून उडी मारणाऱ्याला धरता यावं लागतं.

दारात बुटांचा आवाज झाला. नवेकोरे ट्रॅकसूट घातलेली, पोटं सुटलेली काही माणसं आत आली आणि नव्या वर्गात पहिल्या दिवशी मुलं बावरतात तशी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. त्यांतल्या एकानं घसा खाकरला आणि मागोमाग जीभ टाळूला लावून टॉक केलं.

पाना तिच्या हातातून निसटला आणि पायाच्या अंगठ्यावर पडला.

"लागलं का गं?" लांबडीनं विचारलं.

"नाही."

चांगलंच लागलं होतं. पण तिचं लक्ष अंगठ्याकडे नव्हतंच. ते खाकरणं आणि तो टॉक शाळेत असताना तिनं रोज सकाळी ऐकला होता. त्याच्यामागून शिट्टी वाजायची आणि शिट्टीमागून हाक यायची, "ए पोतं, हात सरळ!"

शाळेतले खेळाचे सरच होते. केस गेले होते, पोट आलं होतं, गुडघ्यांवर पट्टे चढले होते. गळ्यातली शिट्टी मात्र तशीच लोंबत होती.

त्या दिवसाचं तिला सगळं आठवत होतं. आठवायला कष्ट पडत नसत. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं तिचं मन आपोआप तिकडे जायचं. शाळेच्या हॉलमध्ये घोडा मांडला होता. सर पलीकडे उभे राहून म्हणाले, "ये, मी आहे." ती धावली. घोड्यावर हात टेकता टेकता तिला दिसलं, की सर जागेवर नाहीत. ते दारात उभे होते, हातात चहाचा कप, आणि शिपायाशी कशावरून तरी हसत होते. तिचे पाय घोड्याला अडकले. ती डाव्या हातावर आपटली आणि कोपर मोडलं. "पोतं पडावं तशी पडली," असं सर म्हणाले, मुलं खो खो हसली, आणि शाळा सुटेपर्यंत ते नाव तिला चिकटलं.

पडल्याबद्दल तिनं त्यांना कधीच माफ केलं असतं. माणूस आहे, नजर हलते. पण आई दवाखान्यात धापा टाकत आली, तेव्हा सर तिला म्हणाले, "मी थांब थांब म्हणतोय, आणि ही मला न विचारता पळत आली." आईनं उलट त्यांचेच आभार मानले, दवाखान्यात आणल्याबद्दल. पुढे प्लास्टर निघालं, तेव्हा शिस्तीचा धडा म्हणून तिला सगळ्या शाळेसमोर उभं केलं गेलं. काय बोलायचं ते सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

"चूक माझी होती. मी सरांना न विचारता उडी मारली."

"मोठ्यानं," सर म्हणाले होते. "मागे ऐकू येत नाही."

तिनं पुन्हा म्हटलं होतं, मोठ्यानं. कोपर त्यानंतर कधी पूर्ण सरळ झालं नाही. सरांना ते ठाऊक होतं, तरी कवायतीत सगळ्यांचे हात खांद्याच्या रेषेत गेले की ती हाक ठरलेली.

कॉलेजच्या मुलाखतीत "हेच क्षेत्र का?" असं विचारल्यावर तिनं "खेळाची आवड" असं सांगितलं. सगळेच तसं सांगतात. तिचं खरं कारण वेगळं होतं. शिकायचं, त्याच शाळेत जायचं आणि त्या माणसाच्या गळ्यातली शिट्टी आपल्या गळ्यात घालायची, त्याच्या डोळ्यांदेखत. एवढ्या एका गोष्टीवर ती पहाटे उठून धावायची, शरीरशास्त्रातली हाडांची नावं घोकायची आणि मेसचं पांचट जेवण गिळायची. आईला यातलं काही माहीत नव्हतं. आईनं एकच अट घातली होती, "शीक काय शिकायचं ते, फक्त उड्या मारू नकोस."

पण उड्या शिकवणाऱ्या मॅडमनीच तिला इथं टिकवलं. मॅडम दिसायला ठेंगण्या. आवाज मात्र असा, की मैदानापलीकडचा माळी दचकावा. पहिल्या वर्षी लांबडी घोड्यावरून पडली, तेव्हा मॅडम लांबडीकडे गेल्याच नाहीत. त्या थेट आधाराला उभ्या असलेल्या मुलाकडे गेल्या.

"चूक कोणाची?"

"मॅडम, हिनं पाय उशिरा..."

"हिनं काहीही करू दे. तुला तिथं कशाला उभं केलंय, शोभेला? ती पडली की पहिली चूक तुझी. नंतर बाकीच्यांची बघू."

हे ऐकून ती बाहेर नळावर गेली आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत भरपूर रडून आली. कुणी असंही म्हणू शकतं, हे तिला तोवर माहीतच नव्हतं.

तेव्हापासून घोड्याजवळची जागा तिची झाली. धावत येणाऱ्यावरून तिची नजर ढळत नसे. हॉलला आग लागली असती तरी आधी उडी पुरी होऊ दिली असती तिनं. हळूहळू सगळे तिला खांब म्हणायला लागले. "खांब उभी आहे ना? मग मारते," असं म्हणत घाबरट मुलीसुद्धा धाव घ्यायच्या. स्वतःही ती उडी मारायला शिकली. वाकड्या हातावर कमी आणि उजव्यावर जास्त भार कसा द्यायचा, हे मॅडमनी खपून शिकवलं होतं.

आता एक नवा नियम निघाला होता. ज्यांनी शिक्षण न घेताच वर्षानुवर्षं मैदानात शिट्ट्या फुंकल्या, अशा शिक्षकांना कॉलेजात येऊन छोटा अभ्यासक्रम करायचा होता आणि शेवटी प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची होती. जो नापास होईल त्याचं मैदान सुटलं. मग शाळेच्या ऑफिसात पंख्याखाली बसायचं आणि कागदांवर शिक्के मारायचे. मॅडमनी ठरवलं, की शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी एकेका शिक्षकाला हाताखाली घ्यायचं.

"मॅडम, ते खाकरतात ना, ते सर मला द्या," ती म्हणाली.

"का? ओळखीचे आहेत?"

"नाही. अंगानं जड आहेत. दुसऱ्या कुणाला झेपायचे नाहीत."

मॅडमना तिचं कौतुक वाटलं. तिला स्वतःची जरा लाज वाटली, पण फार नाही.

सरांनी तिला ओळखलं नाही. ओळखणार तरी कसे? शाळेत त्यांनी तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. शिवाय ती उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायची आणि त्या कधी दुमडायची नाही. सरांना ती चुणचुणीत मुलगी वाटली. लांबडीला त्यांनी पहिल्याच दिवशी शिडी म्हणायला सुरुवात केली. सवय गेली नव्हती.

तिचा बेत साधा होता. सर धावत येतील, हात टेकतील, आणि नेमक्या वेळी ती आपले हात मागे घेईल. मग मॅडमनी विचारलंच तर डोळे मोठे करून सांगायचं, मी थांबा थांबा म्हणत होते, हे न विचारता पळत आले. वाक्यही तयार होतं, त्यांचंच.

पहिल्या दिवशी सर धावत आले तेव्हा पायाखालची फरशी हादरली. स्प्रिंगबोर्डनं कण्हल्यासारखा आवाज केला. सरांचा गुडघा घोड्याला थडकला, ते तोंडघशी पुढे झेपावले, आणि तिनं काही ठरवायच्या आत तिचा एक हात त्यांच्या दंडाला आणि दुसरा मनगटाला गेला. सर अलगद गादीवर उतरले.

"बाप रे!" सर धापा टाकत म्हणाले. "मुली, तू नसतीस तर माझं आज खोबरं झालं असतं."

ती नुसती मान हलवून बाजूला झाली आणि पाठ फिरवून उभी राहिली. आपल्याच हातांनी फितुरी करावी याचा तिला भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. रोज ती ठरवून यायची, आणि रोज तिचे हात तिला न विचारता त्या जाड दंडाला जाऊन भिडायचे. सरांची भीड चेपली. ते सगळ्यांना सांगत सुटले, की ही मुलगी उभी असली की मी डोळे मिटून धावतो. हे ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

मग एके दिवशी मॅडमनी सगळ्यांना परीक्षेबद्दल सांगितलं. पहिला भाग स्वतः उडी मारायचा. दुसरा आधार देण्याचा. कॉलेजची एक मुलगी उडी मारेल, शिक्षकानं तिला धरायचं.

"तिचा गुडघा जरी गादीला टेकला तरी परीक्षक विचारणार, चूक कोणाची," मॅडम म्हणाल्या. "आधार देणाऱ्याची असेल तर तिथल्या तिथं नापास. उडी मारणारीची असेल, आणि दोघांपैकी कुणी तसं सांगितलं, तर आणखी एक संधी. कळलं?"

सर टिपून घेत होते. ती भिंतीला टेकून उभी होती, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हात काढून घेता येत नसतील, पण पडता तर येतं. आणि चूक कोणाची म्हणून विचारलं की नुसतं गप्प राहायचं; सरांनी ती आपल्यावर ढकललीच, तर मिळालेल्या संधीतही पुन्हा पडायचं. पडायचं शिक्षण सरांनीच तर दिलं होतं.

त्यानंतर ती सरांना मन लावून शिकवू लागली. वाईट शिकवणं तिला जमतच नव्हतं, आणि मॅडमचं लक्षही होतं. लांबडी उडी मारायची, सर पलीकडे उभे राहायचे आणि ती बाजूनं सूचना द्यायची. सर दोन्ही हात पसरून म्हणायचे, "ये, मी आहे."

"तसं म्हणायचं नाही, सर."

"मग कसं?"

"उडी मारणारी विचारेल, तयार? तुम्ही आधी आपले पाय बघायचे. जागेवर आहेत का बघायचं. मग तिच्याकडे बघायचं. आणि मगच म्हणायचं, तयार. त्याआधी ती हलणार नाही."

"एवढं सगळं? आम्ही आपलं नुसतं ये म्हणायचो."

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि जीभ चावली. "म्हणजे, सगळे तसंच करतात."

एकदा चहाच्या सुट्टीत सर पायरीवर बसून गुडघ्याला मलम चोळत होते. ती समोर उभी होती. विचारायचं नाही असं तिनं पक्कं ठरवलं होतं, पण तोंडून गेलंच.

"तुमच्या शाळेत घोड्यावरून कुणी पडलंय का हो, सर?"

"पडतात की. पोरंच ती." सर मलमाच्या ट्यूबचं झाकण शोधू लागले. "एक पोरगी पडली होती मागं. हात मोडला. न विचारता पळत आली."

"न विचारता?"

"हं." झाकण त्यांच्या मांडीवरच होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. "तेव्हापासून घोडा गोदामात टाकला. पुन्हा म्हणून बाहेर काढला नाही. नको ती कटकट."

तिनं झाकण उचलून त्यांच्या हातात दिलं. इतकी वर्षं गेली, ऐकायला आई नव्हती, मुख्याध्यापक नव्हते, शाळा नव्हती, तरी हा माणूस तेच बोलत होता. तिनं आपला चहा न पिता झाडाच्या बुंध्याशी ओतून टाकला. जी थोडीफार चलबिचल मनात होती, तीही त्याच्याबरोबर गेली.

परीक्षेच्या दिवशी तिनं लांबडीला बाजूला घेतलं.

"सरांच्या वेळी उडी मी मारते."

"तू? आणि तुझं कोपर?"

"काही होत नाही त्याला."

"खांब, तुझं काय चाललंय?" लांबडीनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तोंड बघ कसं झालंय. आजारी आहेस का?"

"मारू दे ना गं. एवढं एक ऐक."

बाहेरून आलेले परीक्षक चष्म्याच्या वरून बघणारे गृहस्थ होते. सकाळपासून एवढ्या उड्या बघून त्यांचा चेहरा आंबला होता. सरांनी पहिला भाग कसाबसा पार पाडला; उतरताना ते हेलकावले, पण तिचे हात तिथं होतेच. टाळ्या पडल्या. सरांनी कपाळावरचा घाम पुसला आणि तिच्याकडे बघून लहान मुलासारखं हसले. ती हसली नाही.

मग जागा बदलल्या. सर घोड्यापलीकडे गेले, ती धावण्याच्या रेषेवर. सर हात पसरून उभे, मधे घोडा, आणि पलीकडे हॉलचं उघडं दार. हे चित्र तिनं आजवर कितीदा तरी मनात पाहिलं होतं.

"तयार?" तिनं विचारलं.

सरांनी आधी आपले पाय पाहिले. मग तिच्याकडे पाहिलं. "तयार."

सगळं तिनं शिकवल्याप्रमाणे. ती धावली. बोर्डवरून उसळी घेतली, चामड्यावर हात टेकले, आणि ज्या क्षणी गुडघे पोटाशी ओढून घ्यायचे, त्या क्षणी तिनं पाय तसेच मागे सोडून दिले. बुटांची टोकं घोड्याला अडकली. छातीतून तीच जुनी कळ वर आली, निळी गादी झपकन जवळ आली, आणि डोळे मिटता मिटता तिला दिसलं, की सर मागे सरकले नाहीत. ते पुढे आले.

त्यांनी तिचा दंड धरला. दुसरा हात मनगटावरून घसरून कोपरावर आला आणि तिथं घट्ट बसला. तिचा सगळा भार त्यांनी अंगावर घेतला, पट्टा बांधलेला त्यांचा गुडघा आदळला, आणि तिचे गुडघे नुसते हलकेच गादीला लागले. कुठं खरचटलंसुद्धा नाही.

पण टेकले. झालं काम, असं तिच्या मनात आलं.

सरांनी कोपर सोडलं नव्हतं. हेही तिनंच शिकवलं होतं. पडणाऱ्याला उठवायच्या आधी तपासायचं.

"हात सरळ होतोय का, बघू?" सर धापा टाकत म्हणाले.

"नाही होत."

"लागलं? कुठं लागलं?"

"आत्ता नाही लागलं," ती म्हणाली. "शाळेत असल्यापासून होत नाही, सर."

सरांचा अंगठा कोपराच्या बाहेर आलेल्या हाडावर होता. तो तिथंच थांबला. मग त्यांनी मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि ते इतका वेळ पाहत राहिले, की लांबडी दोन पावलं पुढे आली.

"पोतं," ते म्हणाले. इतक्या हळू आवाजात ते नाव तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"सर, गुडघे टेकलेत," परीक्षक टेबलामागून म्हणाले. "बोला. चूक कोणाची?"

उत्तर सोपं होतं. पाय मागे राहिलेले सगळ्या हॉलला दिसले होते. मॅडम हाताची घडी घालून उभ्या होत्या आणि सरांकडे नाही, तिच्याकडे बघत होत्या. ती मुद्दाम पडली, हे मॅडमना कळलं होतं. सरांनी एवढंच म्हणायचं होतं, की हिनं पाय उचलले नाहीत. ते खरंही होतं.

सर उठले. त्यांनी घसा खाकरला, पण त्यामागचा टॉक आला नाही.

"चूक माझी होती," ते म्हणाले.

"तुमची?" परीक्षकांनी चष्मा वर सरकवला. "मला तर वाटलं, हिचे पाय..."

"मी जागेवर नव्हतो."

"नव्हतो म्हणजे? तुम्ही तर इथंच उभे होता."

सरांनी गळ्यातली शिट्टी काढली, तिची दोरी बोटांभोवती गुंडाळली आणि ती खिशात टाकली. परीक्षकांनी खांदे उडवले आणि पेनाचं टोपण काढलं.

तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, झालाच. अंगभर झाला. एवढ्यासाठीच तर ती पहाटे उठून धावली होती. हा माणूस चारचौघांत म्हणाला होता, चूक माझी होती, आणि आता त्याचं मैदान जाणार होतं. तिला ओरडावंसं वाटलं.

मग तिनं सरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

तो चेहरा पडलेला नव्हता. उलट, सैल झाला होता. डोक्यावरचं ओझं उतरवून पाणी प्यायला बसलेल्या हमालासारखा तो माणूस निवांत दिसत होता. आणि तिचं डोकं फिरलं. म्हणजे हा सुटला! एक वाक्य बोलला आणि सुटला. आता हा पंख्याखाली बसून शिक्के मारणार. घोडा गोदामात धूळ खाणार. कुणी पोर धावत याच्या अंगावर येणार नाही, कुणासाठी याला पाय बघून उभं राहावं लागणार नाही. वर मनाला समाधान, की आपण आपली चूक कबूल केली. आणि आपलं कोपर आहे तसंच. इतक्या स्वस्तात? नाही. मुळीच नाही.

"साहेब, लिहू नका," ती म्हणाली.

परीक्षकांनी वर पाहिलं.

ते वाक्य तिच्या तोंडात कधीपासून होतं. शाळेनंतर तिनं ते एकदाही उच्चारलं नव्हतं. घरी भांडणातसुद्धा नाही, तिच्या हातून काचेची बरणी फुटून दादाशी वाजलं तेव्हासुद्धा नाही. आता ते शब्द एकेक करून, स्वच्छ, मागच्या भिंतीपर्यंत जातील असे आले.

"चूक माझी होती. मी पाय उचलले नाहीत."

सरांनी मान खाली घातली. तो मघाचा सैलपणा त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना तिनं नीट पाहिला. तिला घाई नव्हती.

"असं म्हणता?" परीक्षकांनी टोपण लावलं. "मग नियमाप्रमाणे पुन्हा एकदा. जरा लवकर आटपा."

रेषेकडे परत जाताना ती सरांच्या शेजारी थांबली.

"अगं, कशाला?" सर पुटपुटले. "जाऊ द्यायचं होतं. माझं वय झालं आता. मी तुझ्या..."

"ऑफिसात बसायचं नाही, सर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "गोदामातला घोडा बाहेर काढायचा. पुसायचा. आणि रोज त्याच्याजवळ उभं राहायचं. येईल त्या प्रत्येक पोरासाठी. दारात जायचं नाही."

"जमेल का मला?"

"ते मला नका विचारू."

ती रेषेवर आली. आधी उजवी बाही दुमडली, मग डावी. लांबडीनं इतक्या वर्षांत ते कोपर उघडं पाहिलं नव्हतं. मॅडमनी पाहिलं होतं, त्या तशाच उभ्या राहिल्या. हॉलमधले सगळे शिक्षक त्या वाकड्या हाताकडे बघत होते. बघू देत, असं तिला वाटलं.

"तयार?"

सरांनी आपले पाय पाहिले. एक पाऊल थोडं बाहेर होतं, ते आत घेतलं. पुन्हा पाहिलं. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पुढे केले.

"सर, उशीर होतोय," परीक्षक म्हणाले.

सरांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं नाही. त्यांचे ओठ हलले.

"तयार."

ती जागची हलली नाही.

"मोठ्यानं, सर," ती म्हणाली. "मागे ऐकू येत नाही."